बेट दिसतंय का?

अल कुसैस, दुबई
१७ ऑगस्ट २०२५

सुजीत,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. फोनवर दोन वाक्यं झाली की तुझं नेट जातं. व्हिडिओ लाव म्हटलं तर बँडविड्थ नसते. तू कॅनडाच्या त्या बर्फात एअरपोर्ट मॅनेजर होऊन तीन वर्षं झाली, आणि तीन वर्षांत मी तुझा एअरपोर्ट पाहिलेला नाही. फक्त तुझं नाक पाहिलंय, तेही लाल. म्हणून हा ईमेल. यातून तुला मध्येच पळता येणार नाही.

इथे सेहेचाळीस डिग्री आहे. गार पाण्याचा नळ सोडला की उकळतं येतं, म्हणून गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी अंघोळीला घेतो. हे तुला काय सांगायचं, आठ वर्षं इथेच विमानात बॅगा चढवल्यास.

आता मुद्दा. तुझ्या दाजींनी तुझ्यासाठी नोकरी बघितली आहे. शारजात रोल्लाच्या मागे हम्माद नावाच्या माणसाचं कार्गोचं गोडाऊन आहे, त्याला सुपरवायझर हवाय. दाजींनी छातीठोक सांगितलं, ‘माझा मेहुणा इंटरनॅशनल एअरपोर्ट चालवतो, तुमचं गोडाऊन म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.’ हम्माद म्हणाला, ‘खलास, ठरलं! एक डिसेंबरला जॉइन.’ दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी शब्द टाकलाय. तो खाली पडू देऊ नकोस.

आई रोज विचारते, सुजीत कधी येतो. बाबा गेल्यावर देवरूखचं घर बंद करून ती माझ्याकडे आली खरी, पण डोळे तुझ्या वाटेकडे. छत्तीस वर्षांचा झालास, आता आपल्या माणसांत ये.

आणि हो, खालच्या मजल्यावरच्या कुंदाताईंचा देवांश टोरांटोला शिकायला चाललाय. त्याची बॅग सात किलो जास्त भरतेय. तू तिथल्या एअरपोर्टवर एक फोन टाक ना. ओवी म्हणते, ‘ममा, टोरांटो इज सो फार फ्रॉम मामा!’ देश एकच ना पण?

आशीर्वाद.
सुनेत्राताई

सिकुलिक, उत्तर कॅनडा
२ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. देवांशचं काम जमलं नाही, त्या दिवशी मी सतत मीटिंगमध्ये होतो.

दाजींना धन्यवाद सांग. पण इथली जबाबदारी टाकून कसा येऊ? ऑपरेशन्स, हवामान, रेडिओ, बॅगेज, रनवे, कस्टमर केअर, सगळी खाती माझ्याकडे आहेत. माझ्यावाचून इथे पान हलत नाही.

एअरपोर्ट कसा आहे विचारतेस तर सांगतो. टर्मिनल चोवीस तास उबदार. डिपार्चर आणि अरायव्हल एकाच मजल्यावर, त्यामुळे प्रवाशांची पायपीट नाही. लाउंज सर्वांना खुला, कॉफी फुकट. पार्किंगला पैसे नाहीत. इमिग्रेशनमध्ये एक मिनिटही जात नाही. टर्मिनलमधून समुद्र दिसतो. प्रवाशांची एकही लेखी तक्रार आजवर आलेली नाही. एवढा पसारा वाऱ्यावर सोडला तर लोक काय म्हणतील?

आईला सांग, मी पोटभर जेवतो.

तुझा,
सुजीत

अल कुसैस
२१ सप्टेंबर २०२५

सुजीत,

तुझं पत्र मी आईला तीनदा वाचून दाखवलं आणि मंडळाच्या गणपतीत माइकवरून एकदा. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरून आलेल्या समिधा वहिनी, ज्या आपल्या बाल्कनीशिवाय दुसरा विषय काढत नाहीत, त्यासुद्धा गप्प झाल्या. इमिग्रेशनला एक मिनिटही नाही! दाजी म्हणाले, ‘याला सिस्टिम म्हणतात.’

आईने मात्र पत्र ऐकून चष्मा पुसला आणि म्हणाली, ‘एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस पत्र लिहून हलायचा नाही. मीच जाते आणि कानाला धरून आणते.’

तर आई येते आहे. व्हिसा मार्चमध्येच काढून ठेवला होता, तुला सरप्राइज द्यायचं होतं. एकोणतीस ऑक्टोबरला पोचेल. सव्वीस नोव्हेंबरच्या विमानाने तुम्ही दोघं निघायचं. एजंट रोशन म्हणाला, तुमच्याकडून आठवड्याला एकच विमान आहे. हे ऐकून मला जरा आश्चर्य वाटलं, पण मोठी विमानं कमी वेळा जात असतील.

सगळ्या फ्लाइट्सना व्हीलचेअर सांगितली आहे, शेवटच्यालाही. आई रोज सकाळी तळ्याभोवती चार फेऱ्या मारते हे मला ठाऊक आहे, पण तिला इंग्रजी येत नाही. खुर्चीत बसवलं की माणूस आपोआप बरोबर दारात नेऊन सोडतो. आपल्याकडची सगळी म्हातारी माणसं अशीच जातात. तुझ्या एअरपोर्टवर एक चांगली खुर्ची आणि नम्र मुलगा तयार ठेव.

सुनेत्राताई

सिकुलिक
२३ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र वाचून हातातला कॉफीचा मग रेडिओवर सांडला.

आईला पाठवू नकोस. एक तर थंडी. नोव्हेंबरात इथे बाहेर टाकलेलं उकळतं पाणी खाली पडेपर्यंत गोठतं. दुसरं, अस्वलं. पांढरी असतात, बर्फात दिसतसुद्धा नाहीत. तिसरं, टर्मिनलचं रंगकाम काढलंय. चौथं, तुला वाटतो तेवढा एअरपोर्ट मोठा नाही. मध्यम आहे. मध्यमपेक्षा किंचित कमी.

जूनमध्ये पाठव. जूनमध्ये इथे फुलं येतात, बोटभर उंचीची.

व्हीलचेअर तेवढी रद्द कर, प्लीज.

सुजीत

अल कुसैस
२८ ऑक्टोबर २०२५

सुजीत,

अस्वलाचं आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘देवरूखला परसात बिबट्या येतो, त्याला मी झाडूने हाकललंय.’ थंडीचं सांगितलं, तर तिने बाबांचा मफलर काढला. रंगकामाचं सांगितलं, तर म्हणाली, ‘बघते जरा, मजूर काम करतात की नाही.’

आज सकाळी निघाली. सोडायला आम्ही अकराजण गेलो होतो. कुंदाताई होत्या, दाजींच्या ऑफिसचा याकूब गाडी घेऊन आला होता, दाजींच्या मित्राची बायकोसुद्धा होती, जी आईला पहिल्यांदाच भेटत होती आणि सगळ्यात जास्त रडली. व्हीलचेअर आल्यावर आई आमच्या पुढे भराभरा चालत तिच्यापर्यंत गेली आणि मग तिच्यात बसून चेहरा पाडला. ओवी म्हणाली, ‘आजी, यू शुड गेट ॲन ऑस्कर.’

‘मध्यमपेक्षा किंचित कमी’ म्हणजे नक्की केवढा? शारजाएवढा समजू का? कळव. मला मंडळात सांगावं लागतं.

बॅगेत कुळथाची पिठी, कोकम, तिरफळं आणि तुझा लहानपणीचा तांब्या आहे. तांब्या का, विचारू नकोस.

सुनेत्राताई

सिकुलिक
१ नोव्हेंबर २०२५

ताई,

आई पोचली आणि माझं पितळ उघडं पडलं. आता सगळं सांगतो. आधी बसून घे.

सिकुलिकचा एअरपोर्ट एका खोलीचा आहे. निळा पत्रा, एक दार जाण्या-येण्याचं. लाउंज म्हणजे पाच खुर्च्या. फुकट कॉफी मीच करतो. इमिग्रेशनला वेळ लागत नाही, कारण इमिग्रेशन नाही. सगळी खाती माझ्याकडे आहेत, कारण मी एकटा आहे. धावपट्टीवरचा बर्फ काढणारा पौलूसी धरून दीड. वस्ती चारशेची, रस्ता कुठूनही येत नाही. समुद्र वर्षातले आठ-नऊ महिने गोठलेला. दूध, औषधं, बाळंतीण, वरपक्ष, शवपेटी, सगळं याच एका दारातून येतं-जातं.

आता व्हीलचेअर. विमान उतरलं, दार उघडलं आणि आईने शिडीच्या वरच्या पायरीवर बसकण मारली. पायलटला मराठीत म्हणाली, ‘खुर्ची बुक आहे.’ पायलटने रेडिओवर मला विचारलं. मी म्हटलं, व्हीलचेअर नाही. आईने कागद दाखवला. कागदावर होती. एवढ्यात पौलूसी बॅगा आणायची लाकडी घसरगाडी घेऊन आला. ती स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरच्या, मागे बांधतात. त्याने वर अस्वलाचं कातडं अंथरलं आणि आईला उचलून त्यावर ठेवलं.

टर्मिनल समोर होतं, थुंकी टाकली तर पोचेल एवढ्यावर. पण खास बुकिंग असलेली पाहुणी म्हणून पौलूसीने तिला आधी गावाला पूर्ण प्रदक्षिणा घातली. चर्च, दुकान, शाळा, तेलाच्या टाक्या. शाळेतली पोरं मागे धावत होती. मी दारात उभा, भीतीने घामाघूम, उणे बावीसमध्ये.

आई उतरली, मफलर नीट केला आणि म्हणाली, ‘सर्व्हिस चांगली आहे. पण एअरपोर्ट कुठाय?’

मी पत्र्यावर हात ठेवून म्हटलं, ‘हाच.’

तिने वर पाहिलं, खाली पाहिलं. मग म्हणाली, ‘रंगकाम झालेलं दिसत नाही.’

ताई, खोटं का सांगितलं ते मलाही नीट कळत नाही. तुम्हाला अभिमान वाटावा असं वाटलं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. पण एक खरं सांगतो. तिकडे आठ वर्षं बॅगा चढवल्या, एकाही बॅगेचा माणूस मला माहीत नव्हता. इथे बॅग बघून सांगतो कुणाची आणि परत कधी येणार. मला इथून जायचं नाही. हे आईसमोर बोलायची हिंमत नाही. तूच बघ काही.

सुजीत

सिकुलिक
१० नोव्हेंबर २०२५

चि. सुनेत्रा,

सुजीतने फोनवर मराठी बटणं घालून दिली आहेत. एका बोटाने लिहिते आहे, त्यामुळे कमी बोलेन असं तुला वाटत असेल, तर ती आशा सोड.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा एअरपोर्ट. आपला देवरूखचा एस.टी. स्टँड याच्या चौपट. पण स्टँडवर कोणी कोणाला ओळखत नाही. इथे विमान यायचं असलं की सगळं गाव येतं. कोणाचं कोणी येणार नसलं तरी येतं. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, बायका भिंतीला टेकून, पोरं वजनकाट्यावर उभी. कोणी उतरलं की सगळ्यांनाच आनंद. मी म्हटलं, ही तर आपलीच माणसं, फक्त कोट जाड.

एलिसापी नावाची माझ्याएवढी बाई आहे. ती मला तिची भाषा बोलते, मी तिला मराठी. तीन तास गप्पा झाल्या परवा, तिच्या सुनेविषयी असाव्यात. तिने गुलाबी मासा आणून दिला. मी तिरफळं आणि कोकम घालून कालवण केलं. आता काउंटरच्या मागे सुजीतची कॉफी बंद आणि माझा आल्याचा चहा सुरू. पायलट दोन कप पितो, मगच उडतो.

सुजीतचं मुख्य काम काय ते सांगते. विमान जवळ आलं की पायलट रेडिओवर हवा विचारतो. सुजीत खिडकीतून बघतो. अलीकडे तेलाच्या टाक्या, मग चर्च, मग लांब पाण्यात एक बेट. बेट दिसलं तर विमान उतरतं. नाही दिसलं तर डोक्यावरून परत जातं, आणि आठवडाभर गावाला दूध नाही की डॉक्टर नाही. सुजीत सांगेल ते खरं. दुसरं कोणी बघायला नाही.

पहिले दोन दिवस मी रागात होते. मग ठरवलं, राग सव्वीस तारखेपर्यंत बाजूला. सव्वीसला मात्र त्याला घेऊन येणार. असल्या पत्र्यात एकट्याने म्हातारं व्हायला मी त्याला जन्म दिला नाही. त्याला तसं सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला. फार लवकर म्हणाला.

दुकानात टोमॅटोचा भाव बघितला. दिरहममध्ये केला, मग रुपयात केला, मग परत ठेवला.

आई

अल कुसैस
१३ नोव्हेंबर २०२५

सुजीत,

आधी मी चिडले, मग हसले, मग परत चिडले. एक खोली! मंडळात मी माइकवरून बोलले होते, सुजीत. काल समिधा वहिनींनी विचारलं, तिथे टर्मिनल किती? मी म्हटलं, ‘मोजायला एका हाताची बोटं पुरतात.’ बघ, मीही तुझीच बहीण.

पण आता खेळ पुरे. हम्मादने केबिनच्या दारावर तुझ्या नावाची पाटी लावलीसुद्धा. दाजी मला ती दाखवायला घेऊन गेले. पाटीसमोर उभे राहून फोटो काढला त्यांनी, स्वतःचा.

तुला जायचं नाही हे वाचलं. आईला सांगायचं काम माझ्यावर टाकू नकोस. लहानपणी तू काचा फोडायचास आणि मी बोलणी खायचे, ते दिवस गेले. आईचं वय बघ. तिने बोलून दाखवलं नाही तरी तिला तू जवळ हवा आहेस. मलाही. ओवीला मामा म्हणजे मोबाइलमधलं एक नाक वाटतं.

सव्वीस तारीख. हे विमान चुकलं की पुढचं आठवड्याने, म्हणजे एक तारीख हुकली. हम्माद थांबणार नाही. इन्शाल्ला भेटू. यल्ला, चल, बॅग भर.

सुनेत्राताई

सिकुलिक
२० नोव्हेंबर २०२५

ताई,

येतोय.

कंपनीला कळवलं. ब्रेंट नावाचा माणूस माझ्या जागी सव्वीसच्या विमानाने येतोय. तो उतरेल, मी त्याला किल्ल्या देईन आणि त्याच विमानात चढेन. गावात सांगितलं. पौलूसी जाऊन रस्ता नसलेल्या बाजूचा बर्फ काढत बसला.

दाजींना सांग, पाटी राहू दे.

सुजीत

मॉन्ट्रियल, विमानतळावरून
२७ नोव्हेंबर २०२५

चि. सुनेत्रा,

मी एकटीच येते आहे. आरडाओरडा करण्याआधी सगळं वाच.

काल तिथे दुपारी बारा ते दोन काय तो उजेड होता. समुद्र अजून पुरता गोठला नव्हता, त्यावरून धुकं सरकत होतं. सुजीतने दाढी केली, नवा शर्ट घातला, मग काउंटरच्या मागे उभा राहिला. आपली बॅग आपणच काट्यावर ठेवली. दोन किलो जास्त भरली. ‘सॉरी सर,’ म्हणाला स्वतःला, नियम म्हणजे नियम. बुटांचा एक जोड काढून एलिसापीला दिला. मग काउंटरच्या पुढच्या बाजूला आला, पास उचलला आणि मागे कोणी नसताना ‘थँक्यू’ म्हणाला.

सगळं गाव आलं होतं. एरवी केवढा कलकलाट असतो, काल पोरंसुद्धा वजनकाट्यावर चढली नाहीत. पौलूसी भिंतीकडे तोंड करून उभा. एलिसापीने माझा हात धरला तो सोडेना.

मग रेडिओ वाजला. मला इंग्रजी कळत नाही, पण ते एक वाक्य महिनाभरात पाठ झालं आहे. बेट दिसतंय का?

सगळे खिडकीकडे बघायचं सोडून सुजीतकडे बघायला लागले. तो ‘नाही’ म्हणाला असता तर विमान डोक्यावरून परत गेलं असतं. तारीख हुकली असती, पाटी उतरली असती आणि दोष धुक्याला. पुढे होऊन मी त्याच्या कानाशी म्हटलं, ‘अरे, नाही म्हण. कोण बघतंय?’

हो, मीच म्हटलं. कानाला धरून आणायला गेलेली मी. महिनाभर त्या खोलीत बसून मी बघत होते ना सगळं.

सुजीतने माझ्याकडे पाहिलं. टोपी न घालता बाहेर गेला. बराच वेळ उभा राहिला. आत आला तेव्हा पापण्यांवर बर्फ होता. म्हणाला, ‘आई, पुसट आहे. पण दिसतंय.’ आणि रेडिओवर तेच सांगितलं.

सुनेत्रा, हा तुझा भाऊ. चिवडा खाऊन मांजराचं नाव सांगणारा. पाच खुर्च्यांना लाउंज म्हणणारा. जन्मात कधी सरळ उत्तर न देणारा. त्याला म्हटलं, ‘आज तर बोलायचं होतंस खोटं.’ तर म्हणतो, ‘हवेबद्दल नाही बोलता येत आई. वर विमानात माणसं असतात.’

तू म्हणशील, एवढं काय त्यात. पण मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, तो मोठ्या एअरपोर्टचा मॅनेजर होता तेव्हाही नाही. स्वतःचं सगळं जात असताना जो ‘आहे ते आहे’ म्हणतो, त्याला त्या खिडकीपाशी बसू द्यायला हवं. हे चारशे लोकांना कळत होतं. मलाच महिना लागला.

विमान उतरलं. तो ब्रेंट शिडीवरून उतरला, शहरातले चकचकीत बूट घालून. चारी दिशांना बघून त्याने विचारलं, टर्मिनल कुठाय? पौलूसीने बोट दाखवलं. मी पुढे गेले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘बेटा, आप वापस जाओ. मेरा लड़का यहीं रहेगा.’ त्याला हिंदी येत नव्हती, पण एवढं एक वाक्य लगेच कळलं. इतका आनंदी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मी दिलेला चहा घेऊन तो माझ्या आधी विमानात जाऊन बसला. आता शेजारी घोरतो आहे.

सुजीत मला धरून रडला, सगळ्या गावासमोर. मीही रडले. एलिसापीला तर निमित्तच हवं होतं. कंपनीला काय कळवू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘तिथे काय वाटेल ते सांग, त्यात तू हुशार आहेस.’

हम्मादला भेटायला मी स्वतः जाईन, आपल्या जावईबुवांना, दत्तारामरावांना घेऊन. त्यांचा शब्द खाली पडला तो माझ्यामुळे, सुजीतमुळे नाही, आणि तसं मी त्यांच्यासमोर हम्मादला सांगेन. तू मध्ये बोलायचं नाहीस. हम्मादसाठी एलिसापीने वाळवलेला मासा दिला आहे. रागावलेला माणूस मासा खाताना फार वेळ रागावत नाही.

आम्ही उडालो आणि लगेच धुकं दाटलं. खिडकीतून खाली पाहिलं तर सगळं पांढरं. खोली नाही, टाक्या नाहीत, चर्च नाही, बेट नाही. कुठे काहीच दिसत नव्हतं. तरी मी हात हलवला. आपला वेडेपणा.

आई

सिकुलिक
२७ नोव्हेंबर २०२५

ताई,

दाजींची माफी मी फोनवर मागेन. नेट जाणार नाही, वचन.

आई पोचली की लगेच कळव. आणि तिला सांग, विमान वर गेल्यावर तिने खिडकीतून हात हलवला, तो मला इथून अगदी स्पष्ट दिसला. मीही हलवला.

सुजीत